सोलापूरच्या दंतकथा आणि गूढे

सोलापूर शहरात व जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जाणाऱ्या भयकथा, तसेच पुरता उलगडा न झालेल्या काही ऐतिहासिक गोष्टी. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू एकाच बाजारात ऐकू येणाऱ्या या गावात गोष्टीही एका भाषेत थांबत नाहीत. आजीने कन्नडमध्ये सांगितलेली गोष्ट नातू मराठीत सांगतो आणि त्यात दोन पात्रे वाढतात. यांतल्या बऱ्याच कथांच्या मुळाशी एकच सल आहे: भिंतीने, तळ्याने किंवा अग्नीने कुणाचा तरी जीव घेतला आणि तो जीव बहुधा दुबळ्याचा होता.

किल्ल्यातला बळी

शहराच्या मध्यभागी, सिद्धेश्वर तलावाला लागून असलेला भुईकोट किल्ला बहमनी काळातला. दुहेरी तटबंदी, खंदक, आणि एका अंगाला तळ्याचे पाणी. बांधकाम चालू असताना एक बुरूज काही केल्या उभा राहीना. दिवसा रचलेले रात्री खचे. शेवटी जिवंत माणूस बुरुजाच्या पायात गाडला तेव्हा बुरूज टिकला, अशी कथा आहे. ती दर्गोपाटील बुरुजाशी जोडली जाते. बळी कोणाचा, याबद्दल मात्र सांगणाऱ्यांचे एकमत नाही. कोणी पाटलाचा थोरला मुलगा म्हणतात, तर कोणी बाळंतीण. किल्ल्यातली बाळंतीण विहीर दाखवून ही दुसरी गोष्ट सांगितली जाते. त्या विहिरीपाशी तिन्हीसांजेला थांबू नये, असे जुनी माणसे पोरांना बजावत.

ही कथा सोलापूरची एकट्याची नाही. पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाखाली नाथनाक आणि देवकाई या महार जोडप्याला गाडल्याचे सांगतात. ‘केरेगे हार’ या कन्नड लोकगीतात कल्लनकेरी गावच्या तळ्याला पाणी लागत नाही म्हणून मल्लनगौडाची धाकटी सून भागीरथी बळी जाते. सोलापूर या दोन मुलखांच्या मधोमध आहे, तेव्हा दोन्हीकडची गोष्ट इथे भेटली तर नवल नाही.

बुरूज खचण्याचे कारण पायाखालच्या मातीत शोधता येते. सोलापूर परिसरातली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हातभर भेगा पडतात. मुरूम लागेपर्यंत खणून पाया घेतला नाही तर आजही इथल्या घरांच्या भिंती तडकतात. शेजारी तळे असताना बुरुजाचा पाया हलला असणे अगदी संभवनीय आहे. बळी खरोखर दिला गेला का, हे मातीवरून ठरत नाही. तरीही मरणाऱ्याची निवड कथेने कशी केली, ते पाहण्यासारखे आहे. मूल, नुकती बाळंत झालेली बाई, धाकटी सून, महाराचे जोडपे. किल्ला बांधवणारा सरदार यांतल्या एकाही कथेत गाडला जात नाही.

मंगळवेढ्याची भिंत

दंतकथा आणि इतिहास यांची सीमा पुसट होते ती मंगळवेढ्यात. गावकुसाच्या बांधकामावर राबायला नेलेल्यांत संत चोखामेळा होते. भिंत कोसळली आणि मजुरांबरोबर तेही तिच्याखाली गाडले गेले. परंपरेने हा दिवस शके 1260, म्हणजे इ. स. 1338 मधील वैशाख वद्य पंचमी मानला जातो. पुढची हकीकत वारकऱ्यांच्या घरोघरी माहीत आहे. पंढरपूरहून संत नामदेव आले तेव्हा ढिगाऱ्याखाली नुसती हाडे उरली होती, आणि ती एकमेकांत मिसळली होती. नामदेवांनी एकेक हाड उचलून कानाला लावले. ज्यातून ‘विठ्ठल विठ्ठल’ ऐकू आले ती चोखोबांची म्हणून पंढरपूरला आणली आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली.

कीर्तनात हा प्रसंग भक्तीचा म्हणून रंगतो, आणि तो भक्तीचा आहेच. पण अंधार पडल्यावर ढिगाऱ्यात बसून हाडे कानाला लावणारा माणूस डोळ्यांसमोर आणला तर मराठीत याहून अंगावर येणारे चित्र सापडणे अवघड. ज्यांच्या हाडांतून काही ऐकू आले नाही त्या बाकीच्या मजुरांचे काय झाले, हे कथा सांगत नाही.

कुंभारकन्या आणि भाकणूक

बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर सोलापूरचे ग्रामदैवत. शहरातील 68 लिंगांची स्थापना आणि तलाव ही त्यांची कामे मानली जातात. त्यांच्या अंगणात सडा-रांगोळी करणाऱ्या कुंभाराच्या मुलीने त्यांच्याशीच लग्न करण्याचा हट्ट धरला. आपण संसारात पडणार नाही, हवे तर माझ्या योगदंडाशी लग्न कर, असे ते म्हणाले. लग्न झाले आणि दुसऱ्या दिवशी ती अग्नीत गेली. संक्रांतीच्या गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेत, ही कथा दरवर्षी जगली जाते. भोगीला 68 लिंगांना तैलाभिषेक, संक्रांतीला संमती कट्ट्यावर अक्षता, किंक्रांतीला होम मैदानावर होमप्रदीपन. सात नंदीध्वजांची मिरवणूक तिथे येते. बाजरीच्या पेंढीला साडी नेसवून, सौभाग्यलेणे घालून ती कुंभारकन्या म्हणून होमकुंडात दिली जाते. लाखो लोक ‘बोला एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ म्हणत हा उत्सव आनंदाने साजरा करतात. त्याच्या आत एक जळालेली मुलगी आहे, हे लहानपणी गड्ड्यातल्या पाळण्याच्या नादात कळत नाही.

त्याच रात्री भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्ये, गूळ, विडा वगैरे ठेवतात. ते कशाला तोंड लावते, मुतते की नाही, बिथरते की शांत राहते, यावरून पाऊस, भाव आणि संकट यांचा अंदाज सांगितला जातो. जिल्हा अवर्षणाचा असल्याने पावसाचा शब्द ऐकताना गर्दी गप्प होते.

न उलगडलेले

शहराच्या दक्षिणेला, भीमा-सीनेच्या संगमावरील हत्तरसंग कुडल येथे एका शिवलिंगावर 359 मुखे कोरलेली आहेत. मूळ लिंग धरून 360. कोणी यात वर्षाचे दिवस पाहतो, कोणी साधनेचे गणित. ठाम अर्थ लागलेला नाही. येथील संगमेश्वर मंदिरातल्या शके 940 (इ. स. 1018) च्या लेखातील ‘वांछितो विजेया होइवा’ ही ओळ मराठीच्या आद्य लेखनात धरली जाते. हा लेख उजेडात आणण्याचे श्रेय सोलापूरचे शिलालेख अभ्यासक आनंद कुंभार यांचे.

अक्कलकोटचे स्वामी समर्थ 1856 मध्ये तेथे आले आणि 1878 मध्ये समाधिस्थ झाले. त्याआधीचे आयुष्य अंधारात आहे. कर्दळीवनात लाकूडतोड्याची कुऱ्हाड वारुळावर बसली आणि आतून ते प्रकटले, ही श्रद्धा त्या पोकळीत वाढली.

चकवा, भानामती

रात्री ओळखीच्याच शिवारात वाट सापडेना, फिरून फिरून त्याच बांधावर यावे लागले, की ‘चकवा लागला’ म्हणतात. उपाय: जोडे उलटसुलट घालावेत किंवा उजाडेपर्यंत जागीच बसावे. दुसरा उपाय खरोखर शहाणपणाचा आहे. सूर्य-चंद्र वा खूण दिसत नसेल तर माणूस सरळ चालत असल्याच्या समजुतीत गोल फिरतो, हे 2009 मध्ये जर्मनीतील संशोधकांनी प्रयोगांतून दाखवले.

भानामतीचा त्रास कर्नाटकच्या सीमेलगतच्या पट्ट्यात जास्त ऐकू येतो. घरावर दगड पडणे, कपडे आपोआप पेटणे, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठणे. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजून फोड येतात आणि पांढरा फॉस्फरस हवेत आपसूक पेटतो. करणाऱ्याचा हात बहुधा घरातच असतो आणि त्यामागे कुणाचा तरी कोंडमारा असतो. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अशी अनेक प्रकरणे घरात बसून, बोलून मिटवली. नरेंद्र दाभोलकर यांच्या 20 ऑगस्ट 2013 रोजी झालेल्या हत्येनंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. भानामती करतो असे सांगून कुणाला छळणे आता गुन्हा आहे.

पोरे पळवणारी टोळी

जुन्या काळी पोरांना ‘झोळीवाला नेईल’ म्हणून भिववत. तीच गोष्ट 2018 मध्ये मोबाइलवर आली. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश महाराष्ट्रभर पसरले होते. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा (ता. साक्री) येथे त्या संशयावरून पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले, डवर (डमरूसारखे वाद्य) वाजवत गावोगाव भिक्षा मागून जगणाऱ्या भटक्या समाजातले. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. तो रविवार होता आणि गावात आठवडी बाजार भरला होता.