जात्याची घरघर आणि यंत्राचा कान

बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 साली शिवपुत्र कोमकळीमठ हा मुलगा जन्मला. घरची भाषा कन्नड. वयाची दहा वर्षंही भरली नव्हती तेव्हा ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून तो भल्याभल्या गवयांचं गाणं हुबेहूब गायचा. ताना, हरकती, शब्द टाकायची ढब, सगळं जसंच्या तसं. हेच पुढचे कुमार गंधर्व. यंत्र माणसाच्या आवाजाची नक्कल करू लागलं, आता कलेचं कसं होणार, असं कुणी विचारलं की मला आमच्याच भागातला हा मुलगा आठवतो.

यंत्र ऐकतं कसं, ते आधी पाहू. आवाज म्हणजे हवेतला कंप. संगणक तो सेकंदाला साधारण 16,000 वेळा मोजतो. मग त्या आकड्यांचे सेकंदाच्या चाळिसाव्या भागाएवढे तुकडे पाडतो, छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले. प्रत्येक तुकड्यात कोणत्या उंचीचा स्वर किती जोरकस आहे, याची नोंद होते. पुढचं काम अंदाजाचं. इथवर असं ऐकू आलं, तर यानंतर काय येईल? अंदाज चुकला की किती चुकला ते मोजायचं आणि यंत्राच्या आतले, अंदाज ठरवणारे आकडे किंचित हलवायचे. हे कोट्यवधी वेळा केलं की यंत्राच्या अंगवळणी बोलणं पडतं. 2016 साली गूगलच्या डीपमाइंड कंपनीचं वेव्हनेट अंदाजाच्या याच रीतीनं आवाज घडवू लागलं. ते बोलण्यामधल्या श्वासांचीही नक्कल करत होतं. 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टनं आणलेल्या वॉल-ई या प्रणालीला आधी 60,000 तासांचं इंग्रजी बोलणं ऐकवलं होतं. त्यानंतर अनोळखी माणसाच्या आवाजात बोलायला त्याचा फक्त 3 सेकंदांचा नमुना तिला पुरे झाला. 'काय वो, जेवलासा काय?' एवढं म्हणायला तितकाच वेळ लागतो. म्हणून नातवाच्या आवाजात पैसे मागणारा फोन आला तर तो ठेवून द्यावा आणि नातवाच्या नेहमीच्या नंबरवर आपण फोन लावावा, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच सांगा.

गेल्या उन्हाळ्यात खानापूर तालुक्यात आत्याकडे गेलो होतो. तिच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करायच्या होत्या. खुर्चीत बसवून मोबाईल पुढं धरला, तर दोन ओळींनंतर तिला पुढचं आठवेना. म्हणाली, "असं कोरडं कसं गाऊ रे? माळ्यावरचं जातं काढ आधी." जातं मांडलं, खुंटा ठोकला, तिनं मूठभर जोंधळ्याचं वैरण घातलं. हात फिरू लागला आणि ओव्या एकामागून एक सुटत गेल्या. तास-दीड तास ती थांबली नाही.

घरी येऊन ती फाईल मी आवाज स्वच्छ करणाऱ्या एका अ‍ॅपमध्ये घातली. जात्याची घरघर गेली खरी, पण ओळीच्या शेवटी आत्या जो स्वर ओढून धरते, तोही मधेच तुटला. पुन्हा ऐकलं, पुन्हा तसंच. कारण शोधलं तेव्हा उलगडा झाला. अशी अ‍ॅपं बोलण्यावर घडवलेली असतात. बोलताना आवाज भराभर बदलतो. पंख्यासारखा एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, असं त्यांना शिकवलेलं असतं. आत्याचा लांबवलेला स्वर त्या घरघरीत मिसळून एकसारखा चालला होता, म्हणून तोही गोंगाटात धरला गेला. आणि खरं तर ती घरघर हाच ओवीचा ताल. खुंटा अंगाकडे येताना ओळ उचलायची, लांब जाताना सोडायची. तो काढल्यावर आत्या एकटीच, थांबत थांबत गाते आहे असं वाटत होतं. मला ते ऐकवेना.

लिहून घेण्याचीही तीच गत. आत्याचं 'काय करालायस', म्हणजे 'काय करतोयस', फोननं 'काय कराल आईस' असं उतरवलं. आमची करालाय-जावालाय ही मराठी त्यानं फारशी ऐकलेलीच नाही. बोलणं लिहून काढणाऱ्या, 2022 साली आलेल्या व्हिस्पर या प्रणालीला 6,80,000 तास ऐकवले होते. त्यात इंग्रजीखेरीज 96 भाषांच्या वाट्याला मिळून 1,17,000 तास. त्यातही मराठी म्हणून जे मिळतं ते बहुतेक बातम्या-भाषणांचं. कन्नड घरातून अक्का, अण्णा घेऊन आलेली, शेजारणीशी दोन्ही भाषांत भांडणारी मराठी त्यात कुठून येणार?

तरी ही विद्या नकोच, असं मी म्हणणार नाही. आत्याला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. पंचायतीची कन्नड नोटीस आली की ती कुणाची तरी वाट बघत बसायची. आता भाची कागदावर कॅमेरा धरते आणि फोन मराठीत वाचून दाखवतो. आकडे आणि तारखा तेवढ्या मूळ कागदावर ताडून बघाव्या लागतात.

कुमारांकडे परत येतो. तरुणपणीच त्यांना क्षयानं गाठलं, ते देवासला जाऊन राहिले. काही वर्षं गाणं बंद. एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झालं. त्या पडून राहण्याच्या दिवसांत माळव्यातली लोकगीतं त्यांच्या कानावर पडत होती. पुन्हा गायला लागले तेव्हा लांब दमसासाच्या जागी छोटे, झेप घेणारे तुकडे आले आणि त्या लोकधुनांतून नवे राग आले. हे कुठल्याच तबकडीत नव्हतं. वेव्हनेट श्वासाचा आवाज काढत होतं, पण त्याला दम लागत नव्हता. दम लागला म्हणून वाट बदलावी लागणं, ही गोष्ट त्याच्या वाट्याला येत नाही. माझ्या मते नकलेत आणि गाण्यात फरक पडतो तो इथं.

आवाज कुणाचा, हा प्रश्न आता कोर्टात पोचला आहे. 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अरिजीत सिंग यांच्या आवाजाची अशी नक्कल करण्याविरुद्ध अंतरिम संरक्षण दिलं. त्याच वर्षी ए. आर. रहमान यांनी दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राकडून घडवून घेतले, पण घरच्यांची परवानगी घेऊन आणि मोबदला देऊन. आत्यासाठी कोर्टात कोण जाणार? हेमा राईरकर आणि गी पॉयट्वाँ यांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या, त्या गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावासकट. तीच पद्धत मी उचलली आहे. अ‍ॅपमधून काढलेली फाईल पुसली आणि मूळची, घरघरीसकट, आत्याच्या नावानं ठेवली. ती कुणाला द्यायची, ते आत्या सांगेल.

दिवाळीनंतर शेजारच्या अक्कांची बीसुकल्लिन पदं, म्हणजे त्यांची कन्नड दळणगाणी, ध्वनिमुद्रित करायची ठरली आहेत. अक्कांच्या घरी जातं उरलेलं नाही. त्या आत्याच्याच जात्यावर बसणार आहेत.