विमानातलं भारनियमन

लोहगावला विमान येऊन थांबलं की एक कर्मचारी जाड काळी केबल ओढत पुढच्या चाकापाशी येतो. एअरबसच्या ए-३२० विमानाचं बाहेरच्या विजेचं सॉकेट पुढच्या चाकाच्या जरा पुढे, पोटाखाली असतं. झाकण उघडलं की आत सहा पिना दिसतात. चार जाड, दोन बारीक आणि आखूड. जाड चारांपैकी तीन फेजच्या, एक न्यूट्रलची. सगळी वीज यांच्यातूनच जाते. आखूड जोडीला ई आणि एफ म्हणतात आणि तिचं काम फक्त राखणीचं. तिच्यातून २८ व्होल्ट डीसीचा सिग्नल जातो. प्लग ओढताना ही जोडी आधी सुटते, सिग्नल तुटतो, कॉन्टॅक्टर, म्हणजे वीज जोडणारी-तोडणारी मोठी कळ, उघडून वीज तोडतो, आणि जाड पिना सुटायच्या वेळी त्यांच्यात करंट उरलेलाच नसतो. क्रम उलटा असता तर दर वेळी ठिणगी उडून पिना जळाल्या असत्या. आजही त्या जळतात, पण वेगळ्या कारणाने: रोजच्या घासण्याने प्लगची भोकं सैल होतात, संपर्क अर्धवट बसतो आणि तिथेच उष्णता साठते. प्लगचं रबर एका बाजूला काळवंडलं असेल तर ती केबल लावू नये.

प्लग बसला म्हणून विमान लगेच वीज घेत नाही. आधी व्होल्टेज, वारंवारता आणि फेजचा क्रम तपासला जातो. भोसरी-चाकणच्या कारखान्यात दोन फेज अदलाबदल झाल्या की मोटर उलटी फिरते, तसंच विमानातले पंखे आणि पंपही उलटे फिरतील. सगळं ठीक असेल तरच कॉकपिटमध्ये हिरवा दिवा लागतो आणि वैमानिक बटण दाबून वीज आत घेतो.

ही वीज महावितरणची नव्हे. आपल्याकडे ५० हर्ट्झ, एका फेजला २३० व्होल्ट. विमानात ४०० हर्ट्झ, ११५ व्होल्ट. कारण वजन. वारंवारता वाढवली की तेवढ्याच शक्तीच्या ट्रान्सफॉर्मरला आणि मोटरला लोखंडाचा गाभा कितीतरी लहान पुरतो. तत्त्वतः आठपट, प्रत्यक्षात तेवढा फायदा पदरात पडत नाही, कारण वारंवारतेबरोबर गाभ्यातले तोटेही वाढतात आणि पत्रे पातळ घ्यावे लागतात. मग शहरालाच ४०० हर्ट्झ का देत नाहीत? कारण लांब तारांची प्रतिबाधाही, म्हणजे विजेला होणारा अडथळाही, कितीतरी वाढते आणि व्होल्टेज वाटेतच गळून जातं. विमानात केबल काही दहा मीटरांची असते, म्हणून निभावतं.

सगळं डीसीवर का चालवत नाहीत, हा पुढचा प्रश्न. बारामतीला शिकाऊ वैमानिक उडवतात तसल्या एका इंजिनाच्या विमानात ते चालतं. सेसना १७२ एस मध्ये २८ व्होल्टचा, ६० अँपिअरचा, पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर पुरतो. ए-३२० चा प्रत्येक जनरेटर ९० केव्हीएचा (केव्हीए म्हणजे विजेच्या क्षमतेचं माप) आहे. ११५ व्होल्टला तीन फेजमध्ये हा भार वाटला की प्रत्येक तारेत सुमारे २६० अँपिअर येतात. तीच शक्ती २८ व्होल्ट डीसीने न्यायची तर ३,२०० अँपिअर लागतील. एवढ्या तांब्याचं वजन वाहून विमान उडवण्यात अर्थ नाही.

अडचण अशी की इंजिन एका वेगाने फिरत नाही. आयडलला, म्हणजे नुसतं चालू ठेवलेलं असताना, असतं त्याच्या दीडपटीपेक्षा जास्त वेगाने ते टेक-ऑफला फिरतं, पण ४०० हर्ट्झ तर कायम हवेत. म्हणून इंजिनाचा गिअरबॉक्स आणि जनरेटर यांच्या मध्ये तेलाच्या दाबावर चालणारी, वेग स्थिर ठेवणारी ड्राइव्ह बसवलेली असते. ड्राइव्ह आणि जनरेटर एकाच डब्यात असतात, त्या डब्याला आयडीजी म्हणतात. जनरेटरमध्ये एकाच दांड्यावर तीन यंत्रं असतात. पहिलं कायम चुंबकाचं. त्याला सुरू व्हायला बाहेरची वीज लागत नाही, आणि सगळं विमान अंधारात असलं तरी ते स्वतःच्या नियंत्रकाला जगवतं. त्याच्या विजेवर दुसरं यंत्र, एक्सायटर, चालतं. एक्सायटरची एसी वीज दांड्यासोबतच फिरणारे डायोड डीसी करतात आणि ती मुख्य जनरेटरच्या फिरत्या गुंडाळीला मिळते. त्यामुळे कार्बन ब्रश लागत नाहीत. ३५,००० फुटांवरच्या विरळ, कोरड्या हवेत ब्रश भराभर झिजतात, म्हणून हा खटाटोप.

आयडीजीचं खरं दुखणं तेल. तेलाचा दाब पडला किंवा बाहेर पडणारं तेल १८५ अंशांच्या वर गेलं की ए-३२० च्या वरच्या पॅनेलवर पिवळसर दिवा लागतो. मग वैमानिक झाकणाखालचं बटण दाबून आयडीजीला इंजिनापासून यांत्रिकरीत्या सोडवतो. दोन अटी असतात. बटण तीन सेकंदांपेक्षा जास्त दाबायचं नाही, नाहीतर सोडवणारी यंत्रणाच खराब होऊ शकते. आणि हे काम इंजिन फिरत असतानाच करायचं. एकदा सुटलेली आयडीजी हवेत परत जोडता येत नाही. जमिनीवर, इंजिन बंद करून, मेकॅनिकने खालची रीसेट कडी ओढावी लागते. एका चुकीच्या दाबण्याने चांगला जनरेटर उरलेल्या प्रवासापुरता गेला, असं होऊ शकतं. म्हणून बटणावर झाकण आहे आणि दाबण्याआधी दुसऱ्या वैमानिकाकडून खात्री करून घ्यायची पद्धत आहे.

वीज बनवण्याचं काम इथे संपतं. मला खरी कारागिरी वाटपात दिसते, कारण तिथे कोणाची वीज आधी तोडायची हे आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

पहिला जनरेटर एसी बस १ ला, दुसरा एसी बस २ ला. बस म्हणजे ज्या पट्टीवरून पुढचे सगळे फाटे निघतात ती. ए-३२० मध्ये दोन जनरेटर एकमेकांना कधीच समांतर जोडत नाहीत. एकाची कळ सुटल्याशिवाय दुसऱ्याची जोडली जात नाही. टर्मिनलपासून निघताना केबिनचे दिवे क्षणभर लुकलुकतात ते याचमुळे. त्या वेळी एपीयूची, म्हणजे शेपटीतल्या छोट्या टर्बाइनची, वीज सुटून इंजिनाची लागलेली असते. काही बिघडलेलं नसतं. बोईंग ७७७ मध्ये दोन स्रोत क्षणभर जुळवून घेतात, म्हणून तिथे दिवे हलत नाहीत.

हवेत एक जनरेटर गेला की दुसरा दोन्ही बसचा भार उचलतो आणि त्याच क्षणी मुख्य गॅलीचा, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघराचा, पुरवठा आपोआप तुटतो. पहिला बळी चहा-कॉफीच्या गरम पाण्याचा. त्यानंतर एपीयू सुरू करून तिसरा जनरेटर जोडता येतो. दोन्ही मुख्य बस गेल्या आणि वेग १०० नॉटच्या, म्हणजे ताशी १८५ किलोमीटरच्या, वर असला तर पोटातून एक छोटा पंखा आपोआप बाहेर पडतो. त्याचं नाव रॅट. वाऱ्याने तो फिरतो, हायड्रॉलिक तेलाला दाब देतो आणि त्या दाबावर ५ केव्हीएचा आपत्कालीन जनरेटर चालतो. दोन मुख्य जनरेटर मिळून १८० केव्हीए देतात. इथे आता पाच. एवढ्यात फक्त अत्यावश्यक बस चालते: एका वैमानिकासमोरचे माहितीचे पडदे, एक रेडिओ, उड्डाणाचे काही संगणक. रॅट बाहेर येऊन वीज देईपर्यंतच्या आठेक सेकंदांत भार बॅटऱ्यांवर असतो.

आणि बॅटऱ्या किती? २४ व्होल्टच्या, २३ अँपिअर-तासांच्या दोन. गुणाकार केला तर १,१०० वॅट-तास. घरातल्या इन्व्हर्टरखालची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची एकच बॅटरी १,८०० वॅट-तासांची असते. म्हणून जमिनीवर बॅटरी २५.५ व्होल्टच्या खाली दिसली तर एपीयू सुरू करण्याआधी ती वीसेक मिनिटं चार्ज करून घेतात. उतरताना वेग ५० नॉटच्या खाली गेला की केवळ बॅटरीवरच्या विमानात अत्यावश्यक एसी बसही सोडून दिली जाते आणि पडदे काळे होतात. तोवर चाकं जमिनीवर टेकलेली असतात.

संरक्षणाचा मुख्य पहारेकरी जनरेटरचा नियंत्रक. व्होल्टेज जास्त, कमी, वारंवारता जास्त, कमी, फेज तुटणं, सगळं तो बघतो. जास्त व्होल्टेजला तो झटपट तोडतो, कारण उपकरणं जळतात. कमी व्होल्टेजला थोडं थांबतो, कारण मोठा पंप सुरू होताना व्होल्टेज क्षणभर पडतंच. सगळ्यात हुशार आहे फरकाचं संरक्षण. जनरेटरच्या आत आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला करंट मोजायची कडी असते. इकडून २०० अँपिअर निघाले आणि तिकडे १५० च पोहोचले, तर मधले ५० विमानाच्या सांगाड्यात शिरत आहेत. मग नुसता कॉन्टॅक्टर उघडून भागत नाही. एक्सायटरही बंद करावा लागतो, नाहीतर जनरेटर दोषाला वीज पुरवत राहील. दोष बसवरच असेल तर दुसऱ्या जनरेटरचा मार्गही कुलूपबंद होतो. चांगल्याला वाईटाच्या मदतीला पाठवलं तर दोन्ही जातील.

पुढच्या प्रत्येक फाट्यावर ब्रेकर असतो, आणि त्याच्याबद्दल गैरसमज फार. तो तारेला वाचवतो, उपकरणाला नव्हे. साधा ब्रेकर आतली पट्टी तापून सुटतो. तारेचं आवरण घासून अधूनमधून ठिणगी पडत असेल तर सरासरी करंट कमीच राहतो आणि ब्रेकर निवांत बसतो, पण ठिणगीचं तापमान हजारो अंश असतं. २ सप्टेंबर १९९८ ला स्विसएअर १११ हे एमडी-११ विमान कॅनडाजवळ समुद्रात कोसळून २२९ जण गेले, त्याची सुरुवात बहुधा कॉकपिटच्या छतावरच्या अशाच ठिणगीतून झाली. ती जवळच्या उष्णतारोधक आवरणाला लागली. म्हणून तारांच्या जुडग्याला क्लॅम्प किती अंतरावर, ड्रिल केल्यावरचा धातूचा चुरा साफ झाला का, शौचालयाच्या गळतीचं पाणी कुठे ठिबकतं, हे बघणं रटाळ असलं तरी मोठं काम आहे. सुटलेला ब्रेकर हवेत उगाच पुन्हा दाबायचा नाही, तोही याच धड्यातून.

बोईंग ७८७ ने मांडणीच बदलली. तिथे स्थिर वेगाची ड्राइव्ह नाही. वारंवारता ३६० ते ८०० हर्ट्झमध्ये हवी तशी फिरते. इंजिनांवर २५० केव्हीएचे चार आणि एपीयूवर २२५ केव्हीएचे दोन जनरेटर, २३५ व्होल्टचे. केबिनची हवाही विजेच्या कॉम्प्रेसरवर चालते आणि इंजिन सुरू करायला तेच जनरेटर मोटर म्हणून वापरतात. २०१५ मध्ये अमेरिकी विमान नियामकाने या विमानांसाठी एक आदेश काढला. जनरेटरचे नियंत्रक सलग २४८ दिवस विजेवर राहिले तर त्यांच्या सॉफ्टवेअरमधला गणक भरून वाहतो आणि चारही नियंत्रक एकदम सुरक्षित स्थितीत जाऊन एसी वीज तोडू शकतात, असं प्रयोगशाळेतल्या चाचणीत दिसलं होतं. सेकंदाचे शंभरावे भाग ३२ बिटांच्या चिन्हयुक्त गणकात मोजले तर तो २,१४,७४,८३,६४८ ला भरतो. याचे दिवस २४८.५५ होतात. सॉफ्टवेअर दुरुस्त होईपर्यंतचा उपाय: ठरावीक दिवसांनी विमानाची सगळी वीज बंद करायची आणि पुन्हा चालू करायची.