सातऐवजी सहा थ्रेड का?

फोल्डिंग अ‍ॅट होम हा लोकांच्या घरच्या संगणकांवर प्रथिनांच्या हालचालींचं गणित करणारा संशोधन प्रकल्प. तो चालवणाऱ्यांना लॉगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नोंदवहीत, कधी कधी एक ओळ भेटते: थ्रेड सातवरून सहावर आणले. थ्रेड म्हणजे प्रोसेसर एका वेळी चालवू शकतो असा कामाचा एक धागा. प्रोसेसर आठ थ्रेडचा, त्यातला एक ग्राफिक्स कार्डाच्या दिमतीला, आणि उरलेल्या सातांतलाही एक सॉफ्टवेअर परस्पर बाजूला काढतं. नव्या माणसाला हा शुद्ध अपव्यय वाटतो.

१९९९ च्या मे महिन्यात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून परग्रहांवरच्या संकेतांचा असाच घरच्या संगणकांवर शोध घेणारं सेटी अ‍ॅट होम सुरू झालं, तेव्हा असा प्रश्नच नव्हता. घरच्या संगणकात कोर, म्हणजे प्रोसेसरमधला गणित करणारा भाग, एकच असे. रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींचे तुकडेही एकमेकांवर अवलंबून नव्हते. पुढे त्याच मंडळींनी अशा प्रकल्पांसाठी बॉइंक हे सामाईक सॉफ्टवेअर बांधलं आणि बहुतेक प्रकल्पांत तीच सोपी वाटणी राहिली: चार कोर असतील तर चार वेगळी कामं. तिथे सात थ्रेड दिले काय नि सहा दिले काय, गणित बिघडत नाही.

२००० साली स्टॅनफर्डमध्ये विजय पांडे यांनी सुरू केलेल्या फोल्डिंगची अडचण वेगळी. प्रथिनाची हालचाल काळाच्या क्रमाने मोजावी लागते. एका वर्क युनिटचा, म्हणजे एका वेळी पाठवलेल्या कामाच्या तुकड्याचा, शेवट हीच पुढच्याची सुरुवात, त्यामुळे आधीचं परत आल्याशिवाय पुढचं निघत नाही. चार कोरवर चार कामं रखडत ठेवण्यापेक्षा चौघांनी मिळून एकच लवकर संपवणं प्रकल्पाला जास्त हवं होतं. २००५ नंतर दोन कोरचे प्रोसेसर घरोघरी येऊ लागले आणि २००६ च्या अखेरीस त्यासाठी खास क्लायंट, म्हणजे घरच्या संगणकावर चालणारा प्रकल्पाचा प्रोग्राम, आला. तो एका कामासाठी चार वेगळ्या प्रक्रिया चालवायचा. २०१० च्या सुमारास त्यांची जागा थ्रेडनी घेतली आणि थ्रेडचा आकडा ही वापरकर्त्याच्या हातातली गोष्ट झाली.

खरी गोम मात्र ग्रोमॅक्समध्ये आहे. ग्रोनिंगेन विद्यापीठात जन्मलेलं, रेणूंच्या हालचालींचं गणित करणारं हे सॉफ्टवेअर फोल्डिंगच्या प्रोसेसरवरच्या कामाचा कणा. रेणू ज्या काल्पनिक पेटीत असतात तिचे ते लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही दिशांनी भाग पाडतं. ताटातल्या वड्या पाडाव्यात तसं. बारा थ्रेड असतील तर तीन, दोन, दोन अशी नीट वाटणी होते. सात ही मूळ संख्या. त्यामुळे पेटीच्या एकाच दिशेने सात चकत्याच पाडाव्या लागतात. पण अणूंमधले परिणाम ठरावीक अंतरापर्यंत मोजायचे असल्यामुळे चकती फार पातळ करून चालत नाही. पेटी लहान असली की वाटणी फसते आणि काम सुरूच होत नाही. अकरा आणि तेराची तीच गत. बावीससारख्या सम आकड्यातही अकरा दडलेला असतोच. म्हणून तीनपेक्षा मोठी मूळ संख्या टाळण्याची तजवीज सॉफ्टवेअरमध्येच केली गेली.

सातव्या आवृत्तीच्या क्लायंटमध्ये थ्रेडच्या जागी उणे एक लिहिलं की आकडा तो स्वतः ठरवत असे. माझ्या मते बहुतेकांसाठी तेच बरं होतं. २०२० च्या मार्चमध्ये कोविडच्या संशोधनासाठी लोकांची झुंबड उडाली आणि प्रकल्पाची एकत्रित ताकद एक एक्साफ्लॉपच्या, म्हणजे सेकंदाला दहाचा अठरावा घात इतक्या आकडेमोडींच्या, पुढे गेली. तेव्हा कित्येकांनी हौसेने आकडे हाताने भरले, आणि लॉगमधल्या त्या ओळीचा अर्थ विचारणारेही वाढले.

२०२१ मध्ये इंटेलच्या बाराव्या पिढीने वेगवान आणि काटकसरी असे दोन तऱ्हेचे कोर एकाच चिपवर आणले. इथे अडचण विभाज्यतेची नाही. प्रत्येक पायरीला सगळ्या थ्रेडना एकमेकांसाठी थांबावं लागतं, म्हणून एखादा संथ कोर सगळ्यांचा वेग ठरवू शकतो. अशा यंत्रावर आकडा कमी केल्याने काम उलट लवकर संपण्याचीही शक्यता असते.