एल्व्ह लोकांची भाषा म्हणजे उलटेसुलटे इंग्रजी शब्द नाहीत

"फॅन्टसीतल्या भाषा म्हणजे इंग्रजी शब्द उलटसुलट करून लिहिलेले असतात, त्यांना व्याकरण वगैरे काही नसतं" हे वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतंय. असं वाटणं साहजिकच आहे, कारण बऱ्याच कादंबऱ्यांत चारदोन विचित्र नावांपलीकडे खरंच काही नसतं. पण लेखक जे. आर. आर. टॉल्किनच्या मिडल-अर्थ या काल्पनिक जगातल्या क्वेन्या आणि सिंदारिन या एल्व्ह (एक काल्पनिक जमात) लोकांच्या भाषांचं तसं नाहीये. क्वेन्याचं काम १९१५ च्या सुमारास सुरू झालं आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या मोठ्या कादंबरीचा पहिला भाग आला १९५४ मध्ये, म्हणजे भाषा कितीतरी आधीची!

तपासायचं असेल तर पुस्तकातला नकाशाच उघडा ना. 'आमोन हेन' ही एक टेकडी, 'एमिन मुइल' हा टेकड्यांचा प्रदेश, म्हणजे सिंदारिनमध्ये आमोनचं अनेकवचन एमिन, आतले स्वरच बदलतात, वेल्शमध्ये होतं तसं. क्वेन्यात मात्र शेवटी प्रत्यय लागतो, एलेन म्हणजे तारा आणि एलेनी म्हणजे तारे. आणि मला सगळ्यात आवडतं ते हे, की झाडाला क्वेन्यात 'आल्दा' म्हणतात नि सिंदारिनमध्ये 'गालाध', दोन्ही एकाच जुन्या शब्दातून आलेले, जसा 'हस्त'चा मराठीत हात झाला आणि हिंदीत हाथ. अक्षरं उलटी करून असं नातं तयार होत नाही. फक्त रोजच्या गप्पा मारायला शब्दसाठा कमी पडतो, तेवढं खरं आहे.