सरासरीला न जुमानणारा म्युऑन

म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा सुमारे 207 पट जड भाऊबंद. या जडपणामुळेच तो दोन-दोन किलोमीटर खडक किंवा बर्फ भेदून खालच्या डिटेक्टरपर्यंत पोहोचतो. त्याला वाटेत किती ऊर्जा गमवावी लागली, हे संगणकावर काढणं मात्र वाटतं तितकं सरळ नाही.

ऊर्जा कमी असेल तेव्हा हिशेब सोपा असतो. वाटेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवत म्युऑन पाण्यात दर मीटरला साधारण 0.2 ते 0.25 जीईव्ही (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) खर्च करतो. 1 टीईव्हीच्या, म्हणजे 1000 जीईव्हीच्या आसपास चित्र पालटतं. आता अणुकेंद्रकाजवळून जाताना तो फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, फेकतो, इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांच्या जोड्या निर्माण करतो, क्वचित केंद्रकालाच धडकतो. हा तोटा ऊर्जेच्या प्रमाणात वाढतो. म्हणून 1 टीईव्हीच्या म्युऑनची पाण्यातली मजल अडीचएक किलोमीटर, तर शंभरपट ऊर्जेच्या म्युऑनची जेमतेम चौदा.

हे आकडे सरासरीचे, आणि खरी गोम तिथेच आहे. जोड्यांपायी होणारा तोटा थोडाथोडा, वारंवार होतो. फोटॉन मात्र कधीतरी एका फटक्यात बहुतेक सगळी ऊर्जा घेऊन जातो. ज्यांच्यावर असा घाला पडत नाही ते म्युऑन सरासरीपेक्षा खूप खोल जातात. त्यात आकाशातून येणाऱ्यांमध्ये कमी ऊर्जेचे म्युऑन प्रचंड संख्येने जास्त. त्यांतले मूठभर नशीबवानही खोलवरची गणती बदलून टाकतात. नुसतं सरासरीचं सूत्र वापरलं तर ती कमीच भरते.

म्हणून मोंटे कार्लो पद्धत. यादृच्छिक संख्या घेऊन पुढची टक्कर किती अंतरावर, कोणत्या प्रकारची आणि किती मोठी हे ठरवायचं, आणि हे लाखो म्युऑनांसाठी करायचं. पण फोटॉनची ऊर्जा जितकी कमी, तितकी त्यांची संख्या जास्त. शून्याकडे जाताना तिला अंतच नाही. प्रत्येकाची नोंद ठेवणं अशक्य. मग एक मर्यादा आखतात: तिच्यावरचे फटके एकेक करून, खालचे सरासरीने वजा.

ही मर्यादा निवडणं हीच यातली कसरत. ती फार खाली नेली तर गणना संपता संपत नाही. फार वर ठेवली तर मोठा फटका न बसलेले सगळे म्युऑन पलीकडे अगदी एकाच ऊर्जेने बाहेर पडलेले दिसतात. आलेखात सुळका उभा राहतो, निसर्गात तो नसतो! त्यावर उपाय म्हणून प्रोपोझलसारख्या संगणक-प्रणालींत छोट्या तोट्यांमध्येही थोडा चढउतार मिसळायची सोय असते.

दक्षिण ध्रुवावरच्या आइसक्यूब या न्यूट्रिनो टिपणाऱ्या डिटेक्टरमध्ये घनकिलोमीटरभर बर्फात 5160 संवेदक आहेत. न्यूट्रिनो या क्वचितच कशाला धडकणाऱ्या कणापासून जन्मलेला म्युऑन तिथे पोहोचतो तोवर त्याने किती ऊर्जा गमावली असेल, याचा अंदाज अशाच गणनेतून बांधतात. एकाच मोजमापाला जन्मवेळच्या कितीतरी वेगवेगळ्या ऊर्जा जुळू शकतात. त्यामुळे न्यूट्रिनोच्या ऊर्जेबद्दल उत्तर मिळतं ते एका आकड्यात नव्हे, तर शक्यतांच्या ऐसपैस पट्ट्यात.