पायथनमधील पेजर

लांबलचक आउटपुट टर्मिनलवर (आज्ञा टाइप करण्याच्या मजकुरी खिडकीत) भसाभस न ओतता पडद्यात मावेल तेवढेच दाखवायचे आणि कळ दाबली की पुढे सरकायचे, हे काम करणाऱ्या प्रोग्रॅमला पेजर म्हणतात. युनिक्सवरचा ‘मोअर’ १९७८ साली बर्कलीत डॅनियल हाल्बर्ट यांनी लिहिला. त्यात मागचे पान पाहण्याची सोय नव्हती. ती उणीव भरून काढायला मार्क नूडलमन यांनी १९८०च्या दशकात ‘लेस’ तयार केला.

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा वापरणाऱ्याची पेजरशी गाठ बहुधा ‘हेल्प’ फंक्शनमधून पडते. त्यामागे ‘पायडॉक’ हे मॉड्यूल असते. ते २००१ मध्ये पायथन २.१ सोबत आले. त्यातल्या ‘पेजर’ फंक्शनला स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, दिली की झाले. इनपुट आणि आउटपुट दोन्ही खऱ्या टर्मिनलला जोडलेले आहेत का, हे ते आधी तपासते. आउटपुट फाइलकडे वळवलेले असेल तर न थांबता सगळा मजकूर छापून मोकळे होते. पानापानाने छापणारा लूप हाताने लिहिला तर त्यात नेमकी हीच तपासणी राहून जाते आणि रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) चालवलेली स्क्रिप्ट कळ दाबण्याची वाट पाहू लागते किंवा एरर देऊन बंद पडते. टर्मिनल असेल तर ‘मॅनपेजर’ व ‘पेजर’ ही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (कोणता पेजर हवा हे सांगणाऱ्या सिस्टीममधल्या नोंदी) पाहिली जातात. ती नसतील तर विंडोजवर ‘मोअर’, इतरत्र शक्यतो ‘लेस’ वापरला जातो.

अडचण एकच: ‘पायडॉक’ला पूर्ण मजकूर आधी मेमरीत लागतो. लाखो ओळी असतील तर दुसरे प्रोग्रॅम चालवणाऱ्या ‘सबप्रोसेस’ मॉड्यूलने ‘लेस’ सुरू करून त्याच्या इनपुटमध्ये एकेक ओळ लिहीत जाणे बरे. ‘लेस’ गरजेपुरतेच वाचतो. दोन प्रोग्रॅमना जोडणारा मधला पाइप भरला (लिनक्सवर सहसा ६४ किलोबाइट) की पायथनचे लिहिणे आपोआप थांबते. वाचणाऱ्याने मध्येच ‘क्यू’ दाबले तर पुढच्या लिखाणाला ‘ब्रोकनपाइपएरर’ येतो. ही चूक नव्हे, वाचक उठून गेल्याची वर्दी आहे. ती पकडून निमूट थांबावे.

तरीही स्वतः लूप लिहायचाच तर ‘शटिल’ मॉड्यूलमधले ‘गेट_टर्मिनल_साइझ’ पडद्याची उंची सांगते. ती कळली नाही तर ८० स्तंभ आणि २४ ओळी धरते. ‘पुढे जाण्यासाठी कळ दाबा’ अशा सूचनेसाठी एक ओळ सोडून बाकीच्या ‘आयस्लाइस’ने (ठरावीक संख्येने तुकडा घेणाऱ्या फंक्शनने) घ्यायच्या. पण पडद्यापेक्षा लांब ओळ दुमडून दोन-तीन ओळींची जागा खाते आणि मोजणी कोलमडते. देवनागरीत तर लांबीचाच भरवसा नाही: ‘महाराष्ट्र’ची लांबी ‘लेन’ हे लांबी मोजणारे फंक्शन १० सांगते, वाचणाऱ्याला अक्षरे दिसतात चार, आणि जागा किती लागेल हे टर्मिनलागणिक बदलते.