ठाणे खाडीतील पक्षीसंख्येतील बदल

ठाणे आणि नवी मुंबईला लागून असलेल्या, सुमारे २६ किलोमीटर लांबीच्या ठाणे खाडीतील पक्ष्यांच्या जाती आणि त्यांची संख्या यांत गेल्या तीन-चार दशकांत झालेला बदल. या बदलाचा ठळक चेहरा म्हणजे रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो.

१९९० नंतरच्या दशकात रोहितांचे मोठे थवे शिवडीच्या चिखलावर उतरू लागले आणि पुढे ऐरोली-भांडुपच्या पट्ट्यातही दिसू लागले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या २०१९च्या मोजणीत त्यांचा आकडा लाखापलीकडे गेला. त्यांत लहान रोहित बहुसंख्य आहेत. २०१५ मध्ये खाडीचा काही भाग अभयारण्य म्हणून घोषित झाला, २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला.

रोहित वाढले म्हणजे खाडी सुधारली, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. लहान रोहित चोच उलटी पाण्यात धरून जिभेने पाणी आत-बाहेर ढकलतो आणि चोचीतल्या बारीक झालरीवर सूक्ष्म शेवाळ गाळून घेतो. सांडपाण्यातील नायट्रोजन-फॉस्फरसवर हेच शेवाळ फोफावते. भराव आणि पूल यांनी प्रवाह मंदावला, गाळ साचला, चिखलाचे पट्टे उथळ झाले. रोहितांना ते मानवले.

त्याच गाळावर तिवरांची दाटी पुढे सरकते, तेव्हा तुतारी, चिखल्या, मालगुजा अशा पक्ष्यांची उघडी चराऊ जागा आक्रसते. त्यांना किडे शोधायला मोकळा चिखल लागतो. दुरून स्थलांतर करून येणाऱ्या अशा पक्ष्यांची घट देशभर नोंदली गेली आहे. गुलाबी थव्यांच्या गर्दीत तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

मोजणीही सोपी नाही. ओहोटीला पक्षी खाडीभर पांगतात, भरतीला नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींत गोळा होतात. वेळ चुकली तर तोच थवा दोनदा मोजला जातो किंवा साफ सुटतो. म्हणून दशकांची तुलना करताना मोजणीची जागा आणि भरतीची वेळ सारखीच असावी लागते. या पाणथळींत भरतीचे पाणी येण्याच्या वाटा बुजल्या की त्या आटतात, आणि चिखल पाण्याखाली गेल्यावर टेकायला रोहितांना दुसरी जागा शोधावी लागते.